स्वभाव आणि शिसे

स्वभावाला औषध नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण इतकी सोयीची आहे की तिने आजवर किती घरांतली भांडणे मिटवली असतील, याची गणती नाही. सासरे ताट सरकवून पानावरून उठले की सासूबाई सुनेला हेच सांगतात. मुलगा वर्गात बाकावर डोके टेकून झोपला की गुरुजी हेच म्हणतात. आणि कादंबरीकाराचा तर सारा संसार या म्हणीवर चालतो. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माणसांचे स्वभाव हेच माझ्या दुकानाचे भांडवल. एक तापट म्हातारा, एक सोशिक बाई, एक घुमा मुलगा एवढी सामग्री हाताशी असली की पहिली शंभर पाने सहज निघतात. म्हातारा तापट का, असे वाचक सहसा विचारीत नाही. आणि विचारलेच, तर लेखिका त्याच्या बालपणात एखादे दुःख नेऊन ठेवते.

पण गेली काही वर्षे या भांडवलाची मला थोडी धास्ती वाटू लागली आहे. स्वभाव म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला काही भाग माणसाच्या हाताला लागलेल्या धुळीचाही असू शकतो, हे आता मला ठाऊक झाले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वर चित्रकलेची पदविका. तेव्हा रसायनशास्त्रातल्या पंडिताचा आव मी आणणार नाही. हा विषय माझ्याकडे आला तो वडिलांच्या सदऱ्यावरून.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९६६ ते १९९२ अशी सव्वीस वर्षे ते आमच्या गावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत होते. आजच्या मुलांना खिळा म्हटले की भिंतीत ठोकायचा खिळा आठवतो. छापखान्यातला खिळा शिशाचा असे. कडकपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी आणि थोडे कथील मिसळलेले. त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटे. लाकडी केसच्या खणाखणांतून काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे पडलेली असत. डाव्या हातात स्टिक, समोर लेखकाचे गिचमिड हस्तलिखित, आणि उजवा हात न बघता खिळे उचलून ओळ भरीत असलेला, असे अण्णांचे चित्र मी आजही डोळे मिटून काढू शकेन. मजकूर छापून झाला की तेच खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. खणांच्या तळाशी राखाडी भुकटी साचे. भाता हाताशी नसला तर तोंडानेच फुंकर घालून ती उडवीत.

गणपती गेले की छापखान्याला दिवाळी लागे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून पुढची ऐंशीएक वर्षे मराठी माणसाचा हा फराळ बहुतांशी शिशाच्याच ताटात वाढला गेला. त्या दीड महिन्यात अण्णा रात्री दोन-दोन वाजता घरी येत. आणि नेमके त्याच दिवसांत घराला त्यांची भीती वाटे. पोटात कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन ते उंबऱ्यावर बसून राहात. चार-चार दिवस पोट साफ होत नसे. रात्री झोप नाही, दिवसा उत्साह नाही. पेला पडल्याचा आवाज झाला तरी अंगावर ओरडत, आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने तोच पेला घासून ठेवीत. गावातल्या डॉक्टरांनी आधी पित्त सांगितले, मग जागरण, मग काळजी. चाळिशीत रक्तदाब निघाला. पुढे पायाचा अंगठा सुजून लाल होऊ लागला. प्रत्येक दुखण्याला वेगळी पुडी मिळे. रागाला पुडी नव्हती. त्याला म्हण होती.

छापखान्याचे मालक तसे भले गृहस्थ. कामगारांना ते रोज गुळाचा खडा देत. गुळाने शिसे उतरते, असा समज होता. म्हणजे शिसे बाधते हे मालकापासून पोऱ्यापर्यंत सर्वांना माहीत होते. ते कोठवर पोहोचते, एवढेच कोणाला माहीत नव्हते. तो गुळाचा खडा काळ्या बोटांनीच तोंडात जाई. दुपारी अण्णा तंबाखू मळीत, तीही त्याच तळहातावर. शिशाची भुकटी नाकातोंडावाटे आत जाते, आणि उपाशीपोटी ती अधिक भिनते. जेवणात लोह आणि चुना कमी पडला तर आणखीच. अण्णा दिवाळी अंकांच्या गर्दीत दुपारचा डबा कित्येकदा तसाच परत आणीत.

ही विद्या काही आजची नाही. बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकेचा मुत्सद्दी मूळचा छापखान्यातला माणूस. १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तरुणपणाची आठवण सांगितली आहे. १७२४ च्या सुमारास लंडनच्या एका छापखान्यात थंडीच्या दिवसांत तो खिळ्यांची केस विस्तवापुढे ठेवून शेकून घेई; गरम खिळे बोटांना बरे वाटत. एका म्हाताऱ्या जुळाऱ्याने त्याला हटकले. असे करून दोघा सोबत्यांचे हात जवळजवळ निकामी झाले होते, आणि त्यांची कमाई कोठून कोठे घसरली होती. निदान साठ वर्षे ही गोष्ट कामगारांना ठाऊक होती, तरी ती कोणी मनावर घेतली नव्हती, याचे फ्रँकलिनला नवल वाटले होते. त्याच्याही आधी, १७०० साली, इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुम्ही काम काय करता?

युरोपातल्या जुन्या किमयागारांनी शिसे हा धातू शनीच्या नावे केला होता. खिन्न, कडवट वृत्तीच्या माणसाला इंग्रजीत ‘सॅटर्नाइन’ म्हणतात तो शब्द शनीवरूनच आला, आणि शिशाच्या विषबाधेलाही तोच शब्द लावतात. साडेसाती मानणाऱ्या आम्हा लोकांना हे जवळचे वाटायला हरकत नाही. फरक एवढाच की ही साडेसाती साडेसात वर्षांत संपत नाही. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते. पण ते जाते कोठे, तर बरेचसे हाडांत. प्रौढ माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. तेथे ते वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते, आणि गरोदरपणात किंवा उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते.

डोक्यात ते काय करते, हे मी माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतले. मेंदूतल्या एका पेशीचे टोक दुसरीला चिकटलेले नसते. मध्ये बारीक फट असते. निरोप या फटीतून जातो तो रसायनांच्या रूपाने. डोपामाइन हे त्यांतलेच एक नाव. निरोप सोडण्याची आज्ञा देतो कॅल्शियम. तो पेशीच्या टोकात शिरला की रसायनाच्या पिशव्या फुटतात. शिसे हा या कॅल्शियमचा तोतया आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्यात आला आणि भले भले फसले, तशी मेंदूतली दारे या तोतयाला ओळखत नाहीत. खऱ्या कॅल्शियमची वाट तो अडवतो, म्हणून वेळेवर निरोप जात नाही. आत शिरून आपणच आज्ञा देऊ लागतो, म्हणून नको तेव्हा निरोप ठिबकत राहतो. शिकणे, आठवणे, राग आवरणे ही सारी कामे या निरोपांवर चालतात. वाढत्या मुलाच्या मेंदूत तर अजून रस्तेच आखले जात असतात. तेथे नुकसान अधिक, आणि टिकाऊ.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, राग काय, जागरणानेही येतो. अगदी खरे. आणि नेमके हेच उत्तर एकदा मोठ्या माणसांनी दिले होते. मोटारीचे इंजिन खडखडू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ साली सापडली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. त्यांना बांधून दवाखान्यात न्यावे लागले, आणि पाच जण दगावले. कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने पहिले स्पष्टीकरण दिले ते असे, की या माणसांना फार काम करून वेड लागले असावे. पुढे हेच पेट्रोल साऱ्या जगात खपले. भारतात ते २००० साली बंद झाले, आणि अल्जीरियात शेवटचा साठा संपला तो २०२१ साली. मधली पाऊणशेहून अधिक वर्षे रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांनी तो धूर हुंगला.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत हलवून गेली ती १९७९ साली प्रसिद्ध झालेली हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांची पाहणी. बॉस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. दुसरीकडे त्या मुलांच्या शिक्षकांना विचारले : मुलगा लक्ष देतो का? हाती घेतलेले काम तडीस नेतो का? सांगितलेले ऐकतो का? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना माहीत नव्हते. दोन हजारांहून अधिक मुलांची उत्तरे मांडली, तेव्हा दातांतले शिसे जसजसे वाढत गेले, तसतसे शिक्षकांचे वाईट शेरेही वाढत गेले. मुले आजारी म्हणून कोणाच्या नजरेत आली नव्हती. प्रगतिपुस्तकात ‘चंचल’ आणि ‘आळशी’ हे शब्द मी स्वतः दरवर्षी वाचते. ते शब्द खोटे नसतात. पण ते निदान नव्हे, लक्षण असू शकते, हे त्या दातांनी सांगितले.

ही शिशाचीच गोष्ट आहे असेही नाही. चिलीतल्या मँगेनीजच्या खाणींत काम करणारे काही मजूर आधी विनाकारण हसू-रडू लागत, भांडखोर होत. खाणीतल्या लोकांनी या अवस्थेला ‘मँगेनीजचे वेड’ असे नावच दिले होते. पुढे त्यांची चाल अडखळे, चेहरा मुखवट्यासारखा होई. जॉर्ज कोट्झियास या डॉक्टरांनी या खाणकामगारांचा अभ्यास केला, आणि त्या वाटेने जाता जाता १९६७ साली कंपवाताच्या रोग्यांना एल-डोपा हे औषध देऊन उभे केले. एल-डोपापासून मेंदूत डोपामाइन तयार होते. आमच्या भंडारा-नागपूरकडेही मँगेनीजच्या खाणी आहेत. तेथल्या एखाद्या म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला, तर त्याच्या जन्मपत्रिकेबरोबर त्याची हजेरीपत्रिकाही पाहायला हवी.

अण्णांना रामाझिनीचा तो प्रश्न प्रथम विचारला गेला २००९ साली. छापखाना ऑफसेटवर जाऊन सतरा वर्षे झाली होती. मूत्रपिंडे निकामी होत आली म्हणून त्यांना एका रुग्णालयात ठेवले होते. नुकतेच रुजू झालेले एक डॉक्टर खाटेशी बसले आणि म्हणाले, “आजोबा, तुम्ही काम काय करत होता?”

अण्णांनी उत्तर दिले नाही. चादरीवर त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि तीन बोटांनी हवेतल्या हवेत चार-सहा खिळे उचलले. मग मीच सांगितले. डॉक्टर बराच वेळ काही लिहीत होते. ते म्हणाले, “रक्तदाब, अंगठ्याची सूज, मूत्रपिंड, तुम्ही सांगता तो राग आणि पोटदुखी, हे सगळं एका धाग्यात ओवता येतं. पण आज सिद्ध करता येणार नाही. रक्तदाबानंसुद्धा मूत्रपिंडं जातात. आता रक्त तपासलं तर जुना हिशेब कळत नाही, आणि हाडांतलं शिसं मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही.” दोन वर्षांनी, २०११ साली, अण्णा गेले. तो हिशेब तसाच राहिला.

मी घरी येऊन आईला हे सांगितले, तेव्हा मला वाटले होते की तिला बरे वाटेल. चाळीस वर्षे जिने तो राग सोसला, तिला निदान कळावे की तो राग सगळा ह्यांचा नव्हता. आईने ऐकून घेतले. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे ह्यांचा राग शिशाचा. बरं. मग दरवर्षी पहिला अंक घरी आणून मला आधी वास घ्यायला द्यायचे, तेही शिशामुळेच का गं?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी सातवीत असताना अण्णांनी झिजून बाद झालेले खिळे जुळवून, सुतळीने बांधून मला माझे नाव करून दिले होते. उलटे नाव. शाईच्या गादीवर दाबून मी ते वहीवर, भिंतीवर, धाकट्या भावाच्या पाठीवर उठवीत असे. आमच्या घरात खेळण्यावर खर्च झालेला कोणाला आठवत नाही. हे एवढे एक खेळणे होते, आणि ते नखशिखांत शिशाचे होते. आईचे म्हणणे मला आता कळते. माणसाचा राग धातूच्या खात्यावर टाकायचा आणि माया त्याच्या स्वतःच्या, असा जमाखर्च मांडता येत नाही. मेंदू सगळा रसायनांचाच. माया त्याच फटी ओलांडून जाते. तरी एवढे म्हणता येते की अण्णांना काहीतरी सतत मागे ओढीत होते, आणि ती ओढ सोसून ते पेला घासून ठेवीत होते. दिवसभराच्या वजनातून वाट काढून ते नाव त्यांनी जुळवले होते. मला ते आता अधिक थोर वाटतात.

अण्णांचे सदरे धुण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. पाणी राखाडी व्हायचे. चाळिशी उलटल्यावर बायकांची हाडे झिजू लागतात, आणि माझ्याही नावावर ‘वडिलांच्या वळणावर गेली’ अशी ख्याती आहेच. तेव्हा मीही माझे रक्त तपासून घेतले. दर डेसिलिटरमागे शिसे दोन मायक्रोग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटना कोणताच आकडा निर्धोक मानीत नाही, तरी शोध घ्यावा असा त्यांचा आकडा पाच आहे. १९६० च्या दशकात साठपर्यंत चालते असे समजत! थोडक्यात, अण्णांची सबब मला वापरता येणार नाही. माझा तापटपणा मला माझ्याच पदरी घ्यावा लागला.

मात्र एक गोष्ट मी धरून आहे. शाळेच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना असतो. पूर्वी तो मी फी-सवलतीपुरता पाहात असे. अलीकडे माझ्या वर्गात एक मुलगा आला : हुशार हात, पण पाच मिनिटे एका जागी न बसणारा, पोट दुखते म्हणून वरचेवर घरी जाणारा. रकान्यात लिहिले होते ‘भंगार’. चौकशी केली तेव्हा कळले की वडील गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवतात. जगातले बहुतेक शिसे आज बॅटऱ्यांतच जाते. आई म्हणाली, “बाई, तो तसाच आहे. बापावर गेलाय.” मी तिला रक्त तपासून आणायला सांगितले. आकडा आला बावीस.

औषध लिहून द्या, असा तिने डॉक्टरांजवळ हट्ट धरला. पण शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण पंचेचाळीसच्या वर देतात. ती कडक असतात. डॉक्टरांनी सांगितले ते एवढेच : वडिलांनी कामावरच अंघोळ करावी, कपडे तेथेच बदलावेत, ते मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. घर ओल्या फडक्याने पुसावे. मुलाला उपाशी ठेवू नये. दूध, नाचणी, पालेभाजी, डाळ द्यावी. आणि जमेल तितक्या लवकर ती भट्टी वस्तीपासून लांब जावी. पहिल्या गोष्टी त्या बाईने महिन्याभरात केल्या. भट्टी अजून तेथेच आहे. आकडा चौदावर आला आहे. मुलगा अजून चुळबुळ करतो. पण परवा त्याने एक बैल पुरा केला, शिंगांसकट.

दिवाळीच्या अंकात हे कोठे काढले, असे आपणांस वाटेल. पण अंक आपल्या हाती येईतो घरोघर रंगसफेदी आटोपलेली असेल. घरगुती रंगात शिसे नव्वद पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा, अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्याआधीचा जुना तैलरंग कोरडा खरवडू नये. ओला करून काढावा, आणि मुलांना त्या दिवशी मावशीकडे धाडावे. हळद जास्तच पिवळीधमक दिसली तर हुरळू नये. बांगलादेशात हळदीला चकाकी यावी म्हणून शिशाचे पिवळे रंगद्रव्य मिसळीत. २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे सापडले, आणि सरकारने कंबर कसताच २०२१ मध्ये ते शून्यावर आले. शरीरातली विषे काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी पंचमांशांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. आणि शिसपेन्सिलीची भीती कोणी बाळगू नये. तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. नाव तेवढे चुकून चिकटले आहे.

माणसांनाही नावे अशीच चिकटतात. फराळाला घर भरले असेल, तेव्हा कोपऱ्यात एखादे काका असतील, जे कोणाशी धड बोलत नाहीत आणि बोलले तर खेकसतात. त्यांना एक करंजी द्यावी आणि शेजारी बसून विचारावे : काका, तुम्ही काम काय करत होता? औषध नसेल. पण चौकशी तर करता येते.